अंग पायी येतं

आत्या, काल तुमची चंची उघडली. सुपारीचे तुकडे, अडकित्ता, चुन्याची डबी आणि अगदी तळाशी कागदात गुंडाळलेल्या बीपीच्या अकरा गोळ्या. अकरा! रोज सकाळी मी तुमच्या हातावर गोळी ठेवायची, तुम्ही ती तोंडात टाकल्यासारखं करायचात, वर तांब्याभर पाणी प्यायचात, आणि अख्ख्या गावाला गोळ्या गिळायला लावणारी मी, आरोग्य खात्याची आशाताई, फसायची. तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. या वीस दिवसांत काल पहिल्यांदा तुमचा राग आला, आणि राग आला याचंच इतकं बरं वाटलं की चंची मांडीवर घेऊन हसत बसले. तुमचा लेक दारातून डोकावला. "काय झालं गं?" म्हटलं, "काय न्हाई. तुमच्या आईसंगं भांडायलेय."

आपलं भांडण एकच होतं, एकोणतीस वर्षं चाललेलं. अंगाचं अंगाला किती कळतं आणि आपण त्यात किती हात घालायचा. सासू-सुना मिठावरून भांडतात, आपण रक्तावरून भांडलो. त्यातला शेवटचा शब्द अजून कुणाचाच झालेला नाही, आणि आता तुम्ही उत्तर द्यायला नाही म्हणून मी जिंकले असं काही मी मानत नाही.

सतराव्या वर्षी तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही जेमतेम चाळिशीच्या होतात, पण मला म्हाताऱ्या वाटलात. केस पांढरे, उठताना गुडघ्यावर हात. "सून धाव्वी पास हाय" म्हणून गल्लीभर सांगत फिरलात आणि दिवाळी झाल्या झाल्या माझ्या हातात कोयता दिलात. माजलगावचं धरण आपल्या माळावरून दिसायचं, पण नुसतं दिसायचं. पाणी खालच्या अंगाला जायचं, ऊसही तिकडेच पिकायचा. आपण ट्रकमध्ये भांडीकुंडी टाकून कोल्हापूरकडे परक्याचा ऊस तोडायला. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं, चार तास झोपायचं, वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं.

परत आलो त्या पहिल्या वर्षीचं आठवतं. ट्रक वेशीत थांबला आणि निम्मा गाव उतरून घरी न जाता थेट डॉक्टरकडे गेला. अंग मोडलं की सलाईन, ही आपल्याकडची रीतच. दवाखान्यात खाटा संपल्या की ओसरीवर सतरंजी, भिंतीला खिळे, खिळ्यांना बाटल्या. ओसरी भरली की समोरच्या लिंबाच्या फांदीला. साधी बाटली लावून घेणाऱ्यापेक्षा ताकदीचं औषध घातलेली पिवळी लावून घेणारा जरा ताठ चालायचा. तुमचा लेकही चोरून पिवळी लावून आला, आणि तुम्ही त्याला विचारलंत, "किती मीठ-साखर पडली रं त्या बाटलीत? घरी न्हवती का?"

तुम्ही मात्र ट्रकमधून उतरलात, अंगणात पाणी मारलंत, बाज टाकलीत आणि आडव्या झालात. मलाही पाडलंत. "आठ दिवस कामाला हात लावायचा न्हाई."

"कावून?" मी विचारलं. नवी नवरी, कामाला नाही म्हणणारी सासू पहिल्यांदाच बघत होते.

"आगं, माणूस ट्रकनं येतं. अंग पायी येतं. त्याला यायला आठ दिवस लागत्यात. तवर इथं जे दिसतंय ना, ते नुसतं लुगडं हाय."

पहिले दोन दिवस नुसती झोप. तिसऱ्या दिवशी करडईच्या तेलानं पाय चोळायचे आणि विहिरीपर्यंत चालून यायचं. पोटाला सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी हुलग्याचं माडगं आणि गूळ-शेंगदाणे. पाचव्या दिवशी फार तर बसून धान्य निवडायचं. आणि रोज सकाळी डोळा उघडला की तुमचा तोच सवाल, "पोचलीस का?" मी "न्हाई आजून" म्हटलं की तुम्ही मान डोलवायचात आणि चुलीकडे वळायचात. गल्लीतल्या बाया फिदीफिदी हसायच्या. "देसमुकाच्या घरच्या झोपल्या का गं?" म्हणायच्या. मलाही लाज वाटायची. आठव्या दिवशी मात्र सकाळी जाग यायची ती भुकेनं, आणि हात-पाय आपले वाटायचे. मी सांगायची, "आत्या, पोचले." मग तुम्ही माझ्या हातात झाडू द्यायचात.

आता ते भांडण. ते लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

मी एकतीस वर्षांची होते. दोन पोरी झालेल्या. त्या वर्षी उसातच माझं बिघडलं. पाळी दहा-दहा दिवस थांबेना, अंगावरून पांढरं जाई, कंबर धरलेली. उसाच्या फडात बाईला आडोसा नाही, पाणी नाही, आणि एक दिवस बसावं तर खाडा. मी तशीच तोडत राहिले. गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेले. तपासून डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, मुलं झाली आहेत तर काढून टाका, परवा या. मला खरं सांगू का आत्या, ऐकून हायसं वाटलं होतं. आपल्या गल्लीत माझ्या वयाच्या किती जणींची निघाली होती. कटकट गेली, असं त्या म्हणायच्या. मलाही कटकट घालवायची होती.

ठरल्या दिवशी सकाळी पिशवीत लुगडं आणि तांब्या भरून निघाले, तर तुम्ही उंबऱ्यावर बसलेल्या.

"आठ दिवस दे मला," तुम्ही म्हणालात.

"डाक्टरनं आज बोलावलंय."

"डाक्टर कुठं पळून जात न्हाई. दारात आलेल्या पाव्हण्याला बी आपण आधी पाणी देतो, मंग इचारतो कावून आलास. तुजं अंग आजून येशीपाशी बी आलं न्हाई, अन् तू त्याच्यातलं काढून टाकाय निघाली. पोचू दे त्याला. मंग बघू, काय ऱ्हायचं अन् काय जायचं."

आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. गल्ली ऐकत होती, तरी बोलले. "तुमाला नातू पायजे. दोन पोरी झाल्या ते खुपतंय तुमाला. म्हणून पिशवी ठिवायची हाय. मी मेले तरी चालंल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, उठलात, आत जाऊन उशी आणलीत आणि बाजेवर टाकलीत. "झोप." तेवढंच. मी झोपले ते तुमचं पटलं म्हणून नाही. उभं राहायचं त्राण नव्हतं म्हणून. तोंड भिंतीकडे करून झोपले आणि तुम्ही दिलेली आंबील दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी प्यायले, कारण भूक ही लई बेशरम असते.

आठव्या दिवशी तुम्ही विचारलंत, "पोचलीस का?" मी तुसडेपणानं म्हटलं, "पोचले." "मंग काय म्हणतंय अंग?" म्हटलं, रक्त जाणं थांबलंय, थकवा कमी आहे, पण कंबर दुखतेच आणि पांढरं जातंच. मला वाटलं, आता तुम्ही कुठला तरी पाला वाटून द्याल. तुम्ही डोक्यावर पदर घेतलात. "मंग ते एकट्याच्यानं भागत न्हाई त्याचं. चल बीडला. सरकारी दवाखान्यात बाई डाक्टर हाय म्हणत्यात."

बसमध्ये उभ्यानं गेलो. ती डॉक्टरीण माझ्यापेक्षाही लहान दिसत होती. तिनं नीट तपासलं, रक्त बघितलं, पोटाचा फोटो काढायला लावला आणि मग आपल्या दोघींना समोर बसवून म्हणाली, "पिशवीला काही झालेलं नाही. जंतुसंसर्ग आहे आणि रक्त फार कमी आहे. दोन्हीवर औषध आहे. पिशवी कशाला काढायची?" मी जमिनीकडे बघत बसले. तुम्ही तिला विचारलंत, "मंजी अंग आपलं आपण नीट करंल?" ती हसली. "करेल. पण त्याला सामान द्या. गोळ्या, खाणं, विश्रांती. आणि नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतील."

तुमचा लेक घरी उसळला. "मला काय झालंय?" तुम्ही गोळी त्याच्या तळहातावर ठेवलीत. "गप गीळ. तुला काय झालंय ते तुला कळत असतं, तर ही येळ आली नसती." काल चंचीतल्या अकरा गोळ्या बघून मला तोच प्रसंग आठवला. दुसऱ्याच्या गोळीला तुम्ही किती कडक होतात!

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. तीन महिने गेले. लोहाच्या गोळीनं तोंड कडू व्हायचं, तुम्ही वर लिंबू पिळलेलं पाणी द्यायचात. पाळीची फडकी उन्हात वाळवायला तुम्ही अंगणात दोरी बांधलीत, भर अंगणात! मी शरमेनं मेले. "उन्हाला शरम न्हाई, तुला कावून?" म्हणालात. तिसऱ्या महिन्यात पुन्हा बीडला गेलो. डॉक्टरीण म्हणाली, "सगळं छान आहे, आता काळजी घ्या." बसस्टँडवर आल्यावर तुम्ही गावची बस सोडून दुसऱ्याच बसकडे चालायला लागलात. "चल, कपिलधारला जाऊ. पानी पडायलंय म्हणत्यात."

देवाला हात जोडून आपण धबधब्यापाशी गेलो. तुम्ही लुगडं गुडघ्याच्या वर खोचलंत आणि सरळ पाण्याखाली उभ्या राहिलात, लहान पोरीसारख्या खिदळत. मग ओल्या अंगानं दगडावर बसलात आणि पोटावर हात ठेवलात. "माज्या येळंला कुणी आठ दिवस दिले न्हाईत," एवढं म्हणालात. मी विचारलं, "कसले?" तुम्ही म्हणालात, "भजी खायची का?"

मला भूक लागली होती. मी भजी म्हटलं आणि विषय तिथंच राहिला.

पुढच्या वर्षी कोपीशेजारी तुम्ही चार बांबू रोवून जुनं लुगडं गुंडाळलंत आणि बायांना अंघोळीला, बसायला आडोसा केलात. मुकादम हसला. "म्हातारे, उसात बंगला बांधायलीस का?" तुम्ही म्हणालात, "तुज्या आईला न्हवता, म्हणून बांधायलेय." तो पुन्हा हसला नाही. दुसऱ्या वर्षी प्रत्येक कोपीशेजारी लुगडं फडकत होतं. चार वर्षांनी माझं ऊस तोडणं सुटलं, मी आशाताई झाले, आणि बायांना जे सांगायला लागले त्यातलं निम्मं प्रशिक्षणातलं होतं आणि निम्मं तुमचं. पिशवी काढायला निघालेल्या बाईला मी अजूनही आधी म्हणते, "आठ दिवस दे मला. मग बीडला मी संगं येते." सगळ्या थांबत नाहीत. काहींना खरंच काढावी लागते, तेही मी बघितलंय, आणि त्यांच्या उशाशीही बसले आहे. पण कितीतरी थांबल्या, आत्या.

मागच्या हिवाळ्यात तुमचं बाहेर जाणं बंद झालं आणि तुम्हाला अंघोळ घालणं माझ्याकडे आलं. तोवर तुम्ही कधी अंगाला हात लावू दिला नव्हता. पहिल्याच दिवशी मला ती दिसली, बेंबीखाली उभी, जुनी, जाड शिवण. कुटुंबनियोजनाचा टाका एवढा नसतो, हे आता मला कळतं.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजी? तेच. चौतीस वर्साची होते. उसातून आले अन् दुसऱ्या दिशी नेलं. पोरं झाली, आता कशाला पायजे म्हणले." तुम्ही पाण्याकडे बघत बोलत होतात. "मंग वर्साच्या आत म्हातारी झाले."

मला सगळं एकदम आठवलं. चाळिशीतले पांढरे केस. डिसेंबरच्या थंडीत कोपीत अंगावरची गोधडी फेकून "जाळ निघायलाय अंगातून" म्हणत उठून बसणं, आणि आम्ही सगळ्यांनी हसणं. मीही हसले होते. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मग तवा कावून न्हाई सांगितलं? मी एवढं बोलले तुमाला."

"तू भांडत हुतीस. भांडणाऱ्याला काय पोट उघडून दाखवायचं?"

"आत्या, मी जे नातवाचं बोलले—"

"पानी टाक गं. गार व्हायलंय."

मी पाणी टाकलं. त्यानंतर रोज अंघोळीला ते शब्द तोंडाशी यायचे आणि रोज तुम्ही ओळखून काहीतरी मागायचात. साबण दे, पाठ चोळ, खिडकी लाव. तुम्हाला ऐकायचं नव्हतं की मला सांगता येत नव्हतं, ते आता ठरवता येणार नाही.

तरीही मला आज हलकं वाटतंय, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही. कारण तुम्ही गेलात त्याच्या चार दिवस आधीचा दिवस आपल्याला मिळाला. माझी पाळी जाऊन वर्ष झालं होतं. कॅलेंडरवर मी खूण करून ठेवली होती. तुमच्या बाजेवर बसून सांगितलं, "आत्या, वर्स झालं. आता येत न्हाई."

तुम्ही डोळे उघडलेत. "आपसूक?"

"आपसूक."

"जाळ?"

"थोडा थोडा. सोसण्यासारखा."

तुम्ही माझं मनगट धरलंत. दात नसलेलं तुमचं ते हसू मी तेवढं मोठं कधीच बघितलं नव्हतं. "मंग जिंकलो की गं आपण," म्हणालात. 'आपण' म्हणालात. मी खूप रडले, आणि तुम्ही मला रडू दिलंत, त्या दिवशी साबण मागितला नाहीत.

चार दिवसांनी दुपारी आंबील प्यायलात, कूस वळलात आणि गेलात. सकाळीच पाहुणे म्हणत होते, "म्हातारीला दोन बाटल्या लावू, तरतरी येईल." गावच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर घरी येऊन गेले होते. आता त्रास देऊ नका, म्हणाले होते. मी दारात उभी राहून सलाईनवाल्याला परत पाठवलं. पाहुण्यांत कुजबुज झाली, आशाताई असून सासूला बाटली लावू देत नाही. झाली तर झाली. तुमच्या हाताला सुई नव्हती, नाकात नळी नव्हती, आणि खिडकीतून लिंबाची सावली तुमच्या पायांवर पडली होती. त्या गोळ्या नीट घेतल्या असत्यात तर अजून दोन वर्षं राहिला असतात का? राहिलाही असतात. यावरून मी तुमच्याशी जन्मभर भांडणार आहे. बीपी मोजायचं यंत्र माझ्याच हातात होतं, आकडे बरे यायचे म्हणून मला संशय आला नाही. पण आकडे बरे आले म्हणून तुमचं बरोबर होतं असं नाही, हे ध्यानात ठेवा.

तेरावा झाला आणि माझे पाय गळाले. नणंद म्हणाली, "वहिनी, एक पिवळी बाटली लावून घे, चेहरा बघ कसा झालाय." मी अंगणात बाज टाकली. माणसं काय म्हणतील याचा विचार आला, नाही असं नाही. तरी पडले. दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी विहिरीपर्यंत गेले. थोरल्या लेकीनं सुट्टी काढून येऊन हुलग्याचं माडगं केलं, जरा जास्तच पातळ. रोज सकाळी डोळा उघडला की मी वाट बघायची आणि कुणी विचारायचं नाही. काल जरा बसवलं, म्हणून तुमची चंची घेतली.

आज आठवा दिवस. पहाटे भुकेनं जाग आली. आत्या, मी पोचले.

आणि पोचले म्हणून आता सांगते, पाणी गार झालं तरी चालेल. ते नातवाचं मी बोलले ते खोटं होतं, आणि बोलताना मला माहीत होतं ते खोटं आहे. माझं चुकलं.

तिथं गेल्या गेल्या कामाला लागू नका. बाज टाका, आडव्या व्हा. कुणी हाक मारली, काही तोडायला, उचलायला सांगितलं, तर उठू नका. सांगा त्यांना, आजून आठ दिवस दे मला, अंग वाटेत हाय.